देशाचा संघ का हरतो, याची चौदा कारणे

देशाचा फुटबॉल संघ सहा-शून्य असा हरला, त्या संध्याकाळी इमारतीतल्या बाकीच्या मंडळींनी टीव्ही बंद केला आणि ती जेवायला बसली. निरीक्षकांनी टीव्ही बंद केला आणि कोरे कागद काढले.

निरीक्षक वजनमापे खात्यातून वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू आणि पेट्रोल पंपावरची मापं तपासली. नोकरी संपली, पण लोकांच्या तोंडी निरीक्षक हेच नाव राहिलं आणि त्यांच्या डोक्यात खात्याची शिस्त राहिली. कुठलीही वस्तू कमी भरली, तर ती नेमकी कितीनं कमी आहे ते सांगता आलं पाहिजे आणि त्याला कोणीतरी जबाबदार असलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. इथे संघ सहा गोलांनी कमी भरला होता, तोही एका बेटावरच्या देशाकडून, ज्याची सगळी लोकसंख्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल करता आली असती. आणि जबाबदार म्हणून प्रशिक्षक पडद्यावर म्हणत होता, "आज आमचा दिवस नव्हता." कोणाचा दिवस होता याची त्यानं चौकशीही केली नव्हती.

"अहो, तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?" बायकोनं ताटं मांडत विचारलं.

"मला साखरेतलंही काही कळत नव्हतं," निरीक्षक म्हणाले. "पण किलोमागे पन्नास ग्रॅम कुठे जातात ते मीच शोधून काढलं."

बायको भाजी वाढू लागली. साखरेच्या प्रकरणात त्यांना खात्याचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, आणि ते बैठकीच्या खोलीत तिच्या डोक्याच्या बरोबर वर टांगलेलं होतं.

अहवाल दहा पानांत आटपायचा असं त्यांनी ठरवलं होतं. तो वाढला त्याला शेजारी कारण झाले. निरीक्षक काहीतरी लिहीत आहेत ही बातमी जिन्यावरून वर गेली, आणि सल्ले त्याच जिन्यावरून खाली आले. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य स्वतःहून घरी आले. खेळाडू दाढा आवळून धावतात, त्यामुळे मान अवघडते, आणि मान अवघडली की बाजूला मोकळा उभा असलेला माणूस दिसत नाही, असं त्यांचं निदान होतं. "या अकराजणांच्या दाढा कधी कोणी तपासल्यात का, एवढंच मला सांगा," ते म्हणाले. हे कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ते कारण क्रमांक तीन झालं. सोसायटीच्या चिटणिसांचं म्हणणं असं, की मध्यंतरात पंधरा मिनिटं मिळतात, पण त्या वेळात काय ठरलं याचं इतिवृत्त कोणी ठेवत नाही, मग दुसऱ्या अर्ध्यात त्याच चुका होणार नाहीत तर काय होणार? तळमजल्यावरचे मोटार शिकवणारे गृहस्थ मितभाषी होते. ते एवढंच म्हणाले, "आपले लोक मागे बघत नाहीत. आरसा नसला तरी मान वळवता येते." पुढे जाणकारांकडून निरीक्षकांना कळलं, की सगळ्या अहवालात धड कारण म्हणावं असं हे एकच होतं. पण तेव्हा त्यांनी ते अकराव्या क्रमांकावर टाकलं, कारण सांगणाऱ्यानं ते एका वाक्यात सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी अहवाल पूर्ण झाला. पानं एक्केचाळीस, कारणं चौदा, उपाय बावीस. उपाय कारणांपेक्षा जास्त निघाले याचं निरीक्षकांना समाधान वाटलं.

रविवारी दुपारी त्यांनी तो घरच्यांना वाचून दाखवला. बायको मटार सोलत होती. मुलगी आपला पांढरा कोट इस्त्री करत होती. ती एकतीस वर्षांची, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला, बोलायला मोजकी. निरीक्षक उभ्यानं वाचत होते, कारण अहवाल बसून वाचायचा नसतो. तेराव्या कारणापर्यंत कोणी हूं की चूं केलं नाही.

"कारण क्रमांक चौदा," त्यांनी वाचलं. "पालकांची अनास्था. होतकरू खेळाडूंना घरातूनच वेळेवर परवानगी मिळत नाही, आणि देशाचं कायमचं नुकसान होतं. या संदर्भात ठोस उदाहरणं उपलब्ध झाली नाहीत."

मटार सोलणारे हात थांबले.

"एक उपलब्ध आहे," बायको म्हणाली.

इस्त्रीचा आवाज चालूच राहिला. निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुलगी कॉलेजच्या संघाची गोलकीपर होती. बारा वर्षांपूर्वी देशाच्या मुलींच्या संघाची निवड व्हायची होती, आणि त्या शिबिराला या, असं तिला पत्र आलं होतं. सोबत पालकांच्या संमतीचा कागद होता. निरीक्षकांनी नाही म्हटलं नव्हतं. ते कधीच कोणाला थेट नाही म्हणत नसत. त्यांनी तो कागद एका फायलीत घातला आणि फायलीवर 'विचाराधीन' असं लिहिलं. मग परीक्षा आली, खात्यात तपासणी आली, आणि शिबिराची तारीख त्या फायलीतच निघून गेली. मुलीनं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

"पुढचं पान वाचा ना, बाबा," मुलगी कोटाची बाही उलटवत म्हणाली. "उपाय राहिलेत."

निरीक्षकांनी बावीसही उपाय वाचले, पण आवाज नेहमीपेक्षा खाली लागला होता.

अहवाल फुटबॉल महासंघाला रजिस्टर पोस्टानं गेला. दहाव्या दिवशी तो उत्तरासह परत आला. उत्तर दोन ओळींचं होतं: आपला अहवाल योग्य मार्गाने आलेला नाही. तो जिल्हा संघटनेमार्फत पाठवावा. निरीक्षकांना राग आला नाही. उलट बरं वाटलं. ज्या संस्थेला योग्य मार्ग ठाऊक आहे, ती सुधारू शकते, असं ते बायकोला म्हणाले.

जिल्हा संघटनेचं रस्त्याकडे दार असलेलं कार्यालय मैदानातल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होतं. त्यामुळे त्या खोलीचं छत दारापाशी उंच आणि टेबलापाशी बुटकं होतं. अर्ज घेऊन येणारा माणूस जसजसा टेबलाजवळ जाई, तसतसा तो आपोआप वाकत जाई. टेबलामागे एक कारकूनबाई होत्या. त्यांनी अहवालाची जाडी अंगठ्यानं चाळून पाहिली.

"क्लब कुठला?" त्यांनी विचारलं.

"क्लब नाही. मी नागरिक आहे."

"नागरिकांकडून आम्ही काही घेत नाही. नोंदणी झालेल्या क्लबनं पत्र दिलं तर आवक नोंदवते."

"मग क्लब नोंदवायला काय लागतं?"

बाईंनी एक छापील अर्ज पुढे केला. क्लबचं नाव, पोशाखाचा रंग, प्रशिक्षक एक, खेळाडू अकरा. वयाची अट नव्हती. निरीक्षक वाकलेल्या अवस्थेतच तो अर्ज वाचत राहिले, आणि सरळ होताना त्यांचं डोकं छताला लागलं.

पुढची घडामोड इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीच्या विशेष सभेत झाली. निरीक्षकांनी स्पष्ट सांगितलं, की हे सगळं अहवाल पोचवण्यापुरतं आहे, पायाला त्रास होणार नाही. तेव्हा सह्या भराभर पडल्या. चिटणिसांनी स्वतःला कर्णधार नेमण्याचा ठराव मांडला, स्वतःच अनुमोदन दिलं, आणि हरकत कोणाची आहे का असं आपणच विचारलं. दंतवैद्यांच्या दवाखान्यात पडद्यांचं फिकट हिरवं कापड उरलं होतं, म्हणून पोशाखाचा रंग फिकट हिरवा ठरला. प्रशिक्षक निरीक्षक, आणि खेळाडू म्हणून सगळे धरून दहा नावं झाली. अकरावं काही केल्या सापडेना. उरलेल्यांत एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि दुसरे परगावी सुनेकडे होते.

निरीक्षक घरी येऊन अर्ज समोर ठेवून बसले. मुलगी कामावरून आली. तिनं चपला काढता काढता अर्ज पाहिला.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली. "गोलकीपर."

"अगं, हे नुसतं कागदावर आहे."

"मी पण कागदावरच लिहा म्हणतेय."

त्यांनी लिहिलं.

कारकूनबाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि ते अकराव्या नावावर थांबलं. निरीक्षक अडचणीला तोंड द्यायला सज्ज झाले. बाईंनी कपाटातून नियमावली काढली, चार पानं उलटली आणि मिटली. "खुला गट आहे. पुरुष असं कुठे लिहिलेलं नाही. लिहायचं राहून गेलं असेल, पण राहून गेलेलं मला वाचता येत नाही." एवढं बोलून त्यांनी शिक्का मारला. मग अहवालावरही शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, आणि निरीक्षकांच्या हातात तिसरा एक कागद दिला.

"हे काय?"

"सामना. येत्या रविवारी सकाळी आठ. नव्या क्लबला पहिल्या महिन्यात एक सामना खेळावाच लागतो. नाही खेळला तर नोंदणी रद्द, आणि क्लबकडून आलेला सगळा पत्रव्यवहारही रद्द."

"समोर कोण आहे?"

"अग्निशमन दल," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात निरीक्षकांनी इमारतीच्या वाहनतळावर सराव घेतला. त्यांच्या हातात अहवालाची प्रत असे, आणि ते खेळाडूंना परिशिष्ट तीनकडे लक्ष द्यायला सांगत. परिशिष्ट तीनमध्ये बाणांच्या आकृत्या होत्या. बाण फार सुरेख धावत होते. मंगळवारी दंतवैद्य एका मोटारीच्या आरशावर आपटले. बुधवारी चिटणिसांनी दम लागल्यामुळे सराव तहकूब केला. मोटार शिकवणारे गृहस्थ वळायच्या आधी न चुकता हातानं इशारा देत, त्यामुळे ते कुठे जाणार हे सगळ्यांना आधीच कळे. मुलगी कोपऱ्यात भिंतीवर बॉल मारून एकटीच झेलत होती. तिच्याकडे परिशिष्ट तीन घेऊन जावं असं निरीक्षकांना दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा ते अर्ध्या वाटेतून परतले.

रविवारी साडेसातला संघ मैदानावर पोचला. अग्निशमन दलाची माणसं आधीच येऊन धावत होती, आणि धावताना आपसात गप्पाही मारत होती. हे पाहून चिटणीस खाली बसले.

निरीक्षकांनी मात्र खिशातून पोलादी फीत काढली. ते का, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बत्तीस वर्षांत कुठल्याही दुकानात शिरल्यावर त्यांनी पहिल्यांदा तेच केलं होतं. त्यांनी एका बाजूचा गोल मोजला. दोन खांबांमधलं अंतर सात मीटर बत्तीस असायला हवं, ते सात मीटर पाच भरलं. ते चालत दुसऱ्या टोकाला गेले. तिथे सात मीटर अकरा. निरीक्षकांनी फीत पुन्हा लावून पाहिली. एक्केचाळीस पानांत जे सापडलं नव्हतं ते इथे दोन खांबांत उभं होतं. या जिल्ह्यातली मुलं वर्षानुवर्षं चुकीच्या मापाच्या गोलात बॉल मारायला शिकत होती.

ते पंचांकडे गेले. पंच हा तरुण, घाईतला माणूस होता.

"दोन्ही गोल मापात कमी आहेत. एक सत्तावीस सेंटिमीटरनं, दुसरा एकवीसनं. सामना सुरू करता येणार नाही."

"काका, दोन्ही संघांना बाजू बदलून खेळायचंय. सारखंच झालं की."

"सारखं कसं? आपसातही सहा सेंटिमीटरचा फरक आहे. मला पंचनामा हवा. मैदानाला सील लागलं पाहिजे."

"तुम्ही बाजूला व्हा."

"मी मापांचा निरीक्षक आहे."

"तुम्ही प्रशिक्षक आहात," पंच म्हणाला आणि त्यानं लाल कार्ड काढलं.

सामना सुरू व्हायच्या आधीच मैदानाबाहेर घालवलेला प्रशिक्षक हा त्या जिल्ह्यातला पहिलाच. कारकूनबाईंनी तशी नोंद घेतली, आणि मोसम संपेपर्यंत मैदानात पाऊल ठेवायला बंदी, हेही खाली लिहिलं. निरीक्षक तारेच्या कुंपणाबाहेर गेले. बत्तीस वर्षांत त्यांना एका कसायानं सुरा दाखवला होता, एका रॉकेलवाल्यानं कुत्रं अंगावर सोडलं होतं, पण 'बाजूला व्हा' असं कोणी म्हटलं नव्हतं. ते तारेला धरून उभे राहिले. शेजारी बायको येऊन उभी राहिली. तिनं छत्री उघडून दोघांवर धरली, कारण ऊन तापायला लागलं होतं.

सामन्याबद्दल फार सांगण्यात अर्थ नाही. पहिला गोल दुसऱ्या मिनिटाला झाला. चिटणिसांनी तो नियमबाह्य असल्याचा मुद्दा उपस्थित केला, आणि ते मुद्दा मांडत असतानाच दुसरा झाला. दंतवैद्य एकदा बॉलपर्यंत पोचले. तोवर तिथे बॉल नव्हता. निरीक्षकांनी सवयीनं वही काढली होती आणि गोलवर आलेल्या प्रत्येक फटक्याला ते एक रेघ ओढत होते. आत गेला तर रेघेवर फुली.

नवव्या रेघेवर त्यांचा हात थांबला. दलाच्या एका धिप्पाड माणसानं अगदी जवळून, उजव्या कोपऱ्यात, जमिनीलगत फटका मारला होता. मुलगी डावीकडे उभी होती. ती तिथून निघाली कधी, ते निरीक्षकांना दिसलंच नाही. ती आडवी हवेत दिसली, बॉल तिच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला, आणि ती मातीत घसरत गेली. मग उठली, कोपर झटकलं, आणि आपल्या हिरव्या पडद्यातल्या बचावफळीला शांतपणे म्हणाली, "काका, त्या सात नंबरला जरा धरा. नुसते उभे राहिलात तरी चालेल."

निरीक्षकांनी तिला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. पाच वर्षं ती कॉलेजसाठी खेळली, आणि ते एकाही सामन्याला गेले नव्हते.

"ही नेहमी अशीच उडी मारायची?" त्यांनी विचारलं.

"याहून लांब," बायको म्हणाली. "आता वय झालं."

"तुला काय ठाऊक?"

"मी सगळे सामने पाहिलेत. तुम्ही ऑफिसात असायचात."

निरीक्षक पुन्हा तारेकडे वळले. पुढे त्यांनी रेघा ओढल्या, पण फुल्या मारायच्या सोडून दिल्या. सामना संपला तेव्हा रेघा अडतीस होत्या आणि गोल बारा. सव्वीस फटके तिनं अडवले होते. दलाची माणसं आधी आपल्या कर्णधाराकडे न जाता तिच्याकडे गेली. त्यांच्या कर्णधारानं, तोही गोलकीपरच, हातमोजा काढून तिच्याशी हात मिळवला.

"ताई, कुठे खेळलात?"

"कॉलेजात."

"आणि पुढे?"

कुंपण तिथून दहा पावलांवर होतं. मुलीनं कुंपणाकडे पाहिलं नाही. "पुढे राहून गेलं," ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

ती तक्रार करती, तर निरीक्षकांकडे उत्तर होतं. परीक्षा होती, तपासणी होती, तारखा होत्या. पण तिनं कोणाचं नावच घेतलं नाही, त्यामुळे उत्तर द्यायला जागा उरली नाही. घरी येताना ते बायकोच्या दोन पावलं मागून चालत आले.

माफी कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. सोमवारी ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मंगळवारी मुलगी डबा भरत होती, तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि हवा कोरडी पडल्याचं सांगितलं. शेवटी जे येत होतं तेच त्यांनी केलं. बुधवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. मथळा होता, 'पुरवणी'.

'कारण क्रमांक चौदाखाली ठोस उदाहरणे उपलब्ध नाहीत असे नमूद केले होते. ते चुकीचे होते. एक उदाहरण अहवाल लिहिणाऱ्याच्या घरातच उपलब्ध आहे. सदर खेळाडूस राष्ट्रीय शिबिराचे पत्र एप्रिल महिन्यात आले. पालकाने संमतीचा कागद दाबून ठेवला. पालकास कोणतीही सबळ अडचण नव्हती. पालकाने सदर खेळाडूचा एकही सामना पाहिला नव्हता, त्यामुळे आपण काय दाबून ठेवत आहोत याची त्यास कल्पना नव्हती. ही सबब नसून केवळ नोंद आहे. जबाबदारी सर्वस्वी पालकाची आहे.' खाली पूर्ण सही आणि तारीख.

मुलीनं उभ्यानं वाचलं. सावकाश वाचलं. मग हात पुढे करून पेन मागितलं.

"एप्रिल नाही," ती म्हणाली. "पत्र फेब्रुवारीत आलं होतं. एप्रिलमध्ये शिबिर होतं. दोन महिने होतं तुमच्याकडे."

तिनं एप्रिलवर काट मारली, वर फेब्रुवारी लिहिलं, आणि कागद परत दिला. निरीक्षकांनी त्या दुरुस्तीशेजारी, खात्याच्या नियमाप्रमाणे, आपली लघुसही केली.

"बाकी?" त्यांनी विचारलं.

"बाकी बरोबर आहे." तिनं डबा पिशवीत टाकला. दारापाशी गेल्यावर ती थांबली. "जोडा ते अहवालाला. नुसतं घरात ठेवू नका."

त्यांनी त्याच दिवशी जोडलं. पायऱ्यांखालच्या खोलीत कारकूनबाईंनी पुरवणी पूर्ण वाचली, शिक्का मारला, आणि पहिल्यांदाच त्यांना खुर्ची दिली. बसल्यावर छताची अडचण होत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं.

महासंघाचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. गोलांच्या मापांची बाब देखभाल विभागाकडे पाठवली होती, आणि उरलेल्या पानांची नोंद घेतली होती. निरीक्षकांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. त्यांना त्यावर विचार करायला सवड नव्हती, कारण तो शनिवार होता. सामन्यानंतर आठवड्याभरात कारकूनबाईंनी मुलीला बोलावून घेतलं होतं. मैदानावर शनिवारी सकाळी मुली खेळायला येत, आणि त्यांना गोलमध्ये उभं राहायला शिकवणारं कोणी नव्हतं. मुलीनं प्रयोगशाळेतली शनिवारची पाळी दुपारची करून घेतली.

निरीक्षक तिच्याबरोबर जात. मोसम संपायचा होता, त्यामुळे त्यांना कुंपणाच्या आत पाऊल ठेवता येत नव्हतं, आणि हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. ते बाहेर उभे राहत. कुंपणावरून आलेले बॉल त्यांच्या वाट्याचे. ते झुडपातून, नाल्याच्या काठावरून, एकदा एका ट्रकखालून बॉल काढत, रुमालानं पुसत आणि वरून आत टाकत.

दंतवैद्य सकाळी फिरून परतताना तिथे थांबले. सामन्यात धरलेली त्यांची पाठ आता बरी होती.

"मग निरीक्षकसाहेब," ते म्हणाले, "सुधारणार का आपला देशाचा संघ?"

निरीक्षकांनी प्रश्नाचा नीट विचार केला.

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "इथे नऊजणी येतात. त्यातल्या दोघी बॉल अंगावर आला तरी डोळे मिटत नाहीत."

एवढ्यात एक उंच फटका कुंपणावरून आला आणि रस्त्याच्या उताराला लागला. आतून मुलीनं हाक दिली, "बाबा, बॉल." आणि निरीक्षक दंतवैद्यांना तिथेच सोडून उतारावरून धावत सुटले.